बालकांसाठी तत्त्वज्ञान आणि हवामानशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मॅथ्यू लिपमन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ‘बालकांसाठी तत्त्वज्ञान’ या विचाराला वाहिलेली संस्था स्थापन केली. कथा वाचावी, मुलांनी प्रश्न काढावेत, वर्तुळात बसून एकमेकांची विधाने तपासावीत आणि शिक्षकाने उत्तर न देता संवाद पुढे न्यावा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. अतिवृष्टी, महापूर व हवामानबदल शिकविताना ती कितपत उपयुक्त ठरते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

सामर्थ्य :
पाठ्यपुस्तकातील ‘कारणे द्या’ या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. तत्त्वचर्चा मात्र शब्दांच्या अर्थापासून सुरू होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. हे संकट अस्मानी की सुलतानी? पाऊस आकाशातून आला. मिठी नदीचे पात्र मात्र माणसांनी आवळले होते. हवामानबदलामुळे तर पाऊसही निखळ अस्मानी राहिलेला नाही. मराठीत पूर्वापार रुळलेल्या या दोन शब्दांमधील सीमारेषा कोठे आखावी, हा दहा वर्षांच्या मुलालाही पेलणारा तात्त्विक प्रश्न आहे.

मर्यादा :
तथापि, प्रत्येक बाब चर्चेने ठरत नाही. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. येथे वर्गाचे बहुमत गैरलागू आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. लिपमन यांच्या ‘किओ अँड गस’ या निसर्गविषयक कथेसोबतच्या शिक्षक-हस्तपुस्तिकेच्या शीर्षकातच जगाविषयीचे नवल आहे. परंतु २०१९ च्या महापुरात ज्या बालकाच्या घरात कृष्णा वा पंचगंगेचे पाणी शिरले, त्याच्यापाशी नवलाआधी भीती असते. त्याचा अनुभव वर्गापुढे ‘उदाहरण’ म्हणून मांडणे हे शिक्षण नव्हे. बोलावे की गप्प राहावे, हे त्याचे त्यानेच ठरवावे.

निष्कर्ष :
वस्तुस्थिती आधी स्पष्टपणे शिकवावी. न्याय व जबाबदारी यांवर नंतर चर्चा व्हावी. ‘दिवे बंद करा’ या उपदेशावर ही चर्चा संपविल्यास ज्यांचा दोष सर्वांत कमी, त्यांच्याच माथी भार येतो. ‘हे कोणी थांबवायला हवे होते?’ असे मुलाने विचारल्यास शिक्षकाने उत्तराची घाई करू नये. मात्र प्रश्न टाळूही नये. या पद्धतीची खरी कसोटी तेथेच आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.