चौथीचा आठवडा : वाशिम जिल्ह्यातील प्राथमिक वर्गाध्यापनाची एक समीक्षा

प्रस्तावना

प्राथमिक शिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा वर्षाच्या परिमाणात होते. वार्षिक नियोजन, वार्षिक निकाल, वार्षिक तपासणी, पटनोंदणी ही तिची परिचित साधने होत. परंतु मूल वर्षात शिकत नाही. सोमवारी ऐकलेली गोष्ट शनिवारपर्यंत त्याच्याजवळ उरते की नाही, यावर त्याचे शिकणे ठरते. म्हणून आठवडा हा अध्ययनाचा खरा घटक मानून इयत्ता चौथीच्या वर्गातील अध्यापनाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. वर्गाच्या भिंतीवरील साप्ताहिक वेळापत्रक, शिक्षकाचे टाचण आणि मुलाच्या हातातील पाठ्यपुस्तक या तीन संहिता येथे समीक्षेचा विषय आहेत.

चौथीच निवडण्याचे कारण आहे. महाराष्ट्रातील अनेक लहान गावांत आणि तांड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपाशी संपते. त्यानंतर मूल दुसऱ्या गावी जाते किंवा, विशेषतः मुलींच्या बाबतीत, जाणे लांबणीवर पडते. म्हणजे स्वतःच्या गावात, आपल्या माणसांच्या सान्निध्यात शिकण्याचे हे अखेरचे वर्ष होय. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी झाली तीत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) यांच्यासोबत वाशिमचा समावेश झाला. अशा जिल्ह्यात चौथीचा आठवडा कसा जातो, हा प्रश्न केवळ प्राथमिक शिक्षकांचा उरत नाही.

वेळापत्रकाची संहिता

वेळापत्रक ही निरुपद्रवी चौकट वाटते. उभ्या ओळीत वार, आडव्या ओळीत तासिका. परंतु तिच्यामागे एक गृहीत आहे : एका वेळी एक शिक्षक, एक इयत्ता, एक विषय. लहान गावाच्या शाळेत नेमके हेच गृहीत खरे नसते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास अपेक्षित आहेत. शिक्षकासाठी मात्र आठवड्याचे माप दिले आहे : पूर्वतयारीसह किमान ४५ तास. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. आता चार इयत्तांच्या दोन शिक्षकी शाळेचे साधे गणित मांडून पाहावे. सहा दिवसांच्या आठवड्याने २०० दिवसांचे सुमारे ३३ आठवडे होतात आणि आठवड्याला सुमारे २४ तास पडतात. प्रत्येक शिक्षकाकडे एकाच वेळी दोन इयत्ता असल्याने चौथीच्या वाट्याला शिक्षकाचे प्रत्यक्ष लक्ष त्यातील फार तर १२ तास येते. मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या सात विषयांत ते समान वाटले तर विषयामागे आठवड्याला पावणेदोन तासही येत नाहीत. उरलेल्या १२ तासांत चौथीचे मूल काय करते, हे वेळापत्रक सांगत नाही. फळ्यावरचे उतरवून घेणे, पाढे लिहिणे आणि ‘गप्प बसणे’ हे त्याचे प्रचलित उत्तर आहे.

हा दोष शिक्षकाचा नव्हे. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला बसवून चौथीच्या मुलाला भागाकार समजावणे हे कौशल्याचे काम असून अनेक शिक्षक ते निष्ठेने करतात. दोष आहे तो संहितेचा. जी स्थिती अस्तित्वात नाही तिचे वर्णन वेळापत्रक करते, आणि मग टाचणही त्याच वेळापत्रकाप्रमाणे लिहावे लागते. ‘कोणता पाठ झाला’ याची नोंद टाचणात सापडते. ‘मागच्या आठवड्यातील काय पुढे आले’ याची सापडत नाही.

सातत्याचे एक उदाहरण

चौथीच्या आठवड्यात एक विषय मात्र या तुटकपणाला अपवाद आहे. परिसर अभ्यासाचा दुसरा भाग, म्हणजे ‘शिवछत्रपती’, मुलांच्या मनात आयुष्यभर राहतो, हा अनेकांचा अनुभव आहे. त्याचे श्रेय चरित्रनायकाच्या थोरवीला आणि महाराष्ट्राच्या भावनेला दिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने आणखी एक कारण लक्षात घेतले पाहिजे. या पुस्तकाची प्रत्येक तासिका मागच्या तासिकेने जेथे सोडले तेथून सुरू होते. महाराज आग्र्यात अडकले असताना घंटा झाली, तर पुढच्या तासिकेपर्यंत मूल ती चिंता घरी घेऊन जाते. ते कथा आठवते, सांगते, पुढे काय होईल याचा अंदाज बांधते. शिक्षक वर्गात नसतानाही अध्ययन चालू राहते.

याउलट परिसर अभ्यासाच्या पहिल्या भागातील पाठ पाहावेत. २०१४ पासून लागू झालेल्या पाठ्यपुस्तकात ‘साठवण पाण्याची’, ‘मोलाचे अन्न’, ‘नकाशा आणि खुणा’, ‘माझा जिल्हा, माझे राज्य’ असे पाठ आहेत. विषयांची निवड उत्तम आहे. मुलाच्या जगण्याशी त्यांचे नाते आहे. परंतु पाणी एका आठवड्यात संपते आणि नकाशा कित्येक आठवड्यांनी येतो. पाण्याचा नकाशा काढता येतो, हे वर्गात कोणी सुचवले नाही तर मुलाला ते कळण्याचा मार्ग नाही. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर एका भागाला कथानक आहे आणि दुसऱ्याला केवळ प्रकरणे.

कोऱ्या पानाचा धडा

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात राज्याने पाठ्यपुस्तकांतच वहीची पाने समाविष्ट केली. पाठाच्या शेवटी ‘माझी नोंद’ या शीर्षकाखाली कोरे पान देण्यात आले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, गरीब मुलाला वही मिळावी आणि मुलाने वर्गातील महत्त्वाचे मुद्दे स्वतः टिपावेत, हे हेतू त्यामागे होते. दोन वर्षांनी, २०२५-२६ पासून, हा निर्णय मागे घेण्यात आला. पानांचा अपेक्षित वापर होत नाही आणि मुले वेगळ्या वह्या आणतातच, असे आढळले होते.

या घटनेकडे प्रशासकीय फेरबदल म्हणून पाहून चालणार नाही. कोरे पान हा शासनाने मुलाला विचारलेला एक प्रश्न होता : तुला काय वाटले? त्याचे उत्तर बहुसंख्य वर्गांतून आले नाही, कारण आठवड्याच्या कोणत्याही तासिकेत हा प्रश्न मुलाला विचारलाच जात नव्हता. ज्या मुलाला सहा दिवस उतरवून घेण्याची सवय आहे, ते ‘माझी’ नोंद कोठून करणार? कागद बदलून लेखन बदलत नाही. महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या वर्गात ‘या कवितेविषयी तुमचे मत लिहा’ असे म्हटल्यावर जी शांतता पसरते, तिचे मूळ बहुधा त्या कोऱ्या पानातच शोधावे लागेल.

गावाचा आठवडा

शाळेबाहेर गावालाही आठवडा असतो, आणि तो बाजाराच्या वाराने मोजला जातो. मजुरी बाजाराच्या दिवशी चुकती होते, तेल-मीठ त्या दिवशी येते, नातेवाइकांची भेट त्या दिवशी होते. चौथीचे मूल आईबरोबर बाजारात जाते तेव्हा ते अपूर्णांकांच्या जगात वावरत असते. ऐंशी रुपये किलोची मिरची पावशेर घेतली तर वीस रुपये, हे ते बोटांवर सांगते. वर्गात मात्र ‘एक छेद चार’ पाहिल्यावर तेच मूल अडते. दोन्हींतील गणित एकच आहे. तुटला आहे तो पूल. आठवडी बाजार आणि साप्ताहिक वेळापत्रक या सात दिवसांच्या दोन रचना शेजारी शेजारी चालतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

भाषेचेही असेच आहे. घरी ‘मले’, ‘तुले’ म्हणणारे मूल आणि मानोरा तालुक्यातील तांड्यावर गोरमाटी बोलणारे मूल चौथीपर्यंत प्रमाण मराठी वाचू लागते. पण स्वतःचे सांगताना ते गप्प होते, कारण आपली बोली ही चूक आहे एवढेच त्याला शाळेने शिकवलेले असते. वास्तविक या भूमीला दोन भाषा एकत्र नांदण्याचे वावडे नाही. वाशिम हे वाकाटकांच्या एका शाखेचे वत्सगुल्म. तेथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. राजाच्या शासनपत्राला जे चालले, ते चौथीच्या वहीला का चालू नये? पहिली नोंद बोलीत, दुसरी प्रमाण भाषेत, हा क्रम शिक्षकाने ठेवला तर कोरे पान भरू लागेल.

शनिवारपुरता आनंद

राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला. कृती, खेळ, जीवनकौशल्ये यांसाठी एक दिवस राखून ठेवण्याची कल्पना स्वागतार्ह आहे. तथापि तिच्यात एक धोका आहे, आणि तो विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची मांडणी केली. हस्तोद्योगातून गणित, भूगोल, भाषा उलगडत जावी, असा समवायाचा तो विचार होता. पुढे अनेक शाळांत टकळी उरली आणि समवाय गेला. सूतकताई हीच एक तासिका झाली. आनंदाचीही तासिका झाली तर उरलेले पाच दिवस कसे आहेत, याची ती कबुलीच ठरेल.

शनिवार वेगळा असू नये. तो सोमवारी सुरू झालेल्या गोष्टीचा शेवट असावा. एक उदाहरण घेऊ. वाशिम जिल्हा दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर वसला आहे. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेकडे पूर्णेत, तेथून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जाते. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांकडे निघतो. ‘आपल्या शिवारातले पाणी कोणत्या समुद्राला जाते?’ हा प्रश्न सोमवारी फळ्यावर लिहावा. मंगळवारी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना ओढ्याचे नाव आणि दिशा विचारून यावे. बुधवारी नकाशा आणि खुणा, गुरुवारी घरातील हंडे-घागरींचे लीटरमध्ये मोजमाप, शुक्रवारी लेखन, शनिवारी ओढ्यापर्यंत फेरी आणि उत्तर. शिक्षक पहिलीकडे वळला तरी चौथीजवळ करण्यासारखे काम राहते. वरच्या गणितातील निनावी १२ तासांना अशा रीतीने नाव मिळते.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप परीक्षेचा असेल. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथीवरून पाचवीला नेण्यात आली होती; ती पुन्हा चौथीला आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. परिणामी साप्ताहिक सराव चाचणीचा आग्रह चौथीच्या वर्गात परतणार, हे उघड आहे. गरीब घरातील हुशार मुलाला ही परीक्षा आत्मविश्वास देते, हे मान्य केले पाहिजे. परंतु चाचणी हा आठवड्याचा आरसा असू शकतो, आठवडा नव्हे. २०१० पासून स्वीकारलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातही चाचणी हे आकारिक मूल्यमापनाच्या आठ तंत्रांपैकी केवळ एक आहे. निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प ही तंत्रे त्याच यादीत आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : शिक्षकाला वेळ कोठे आहे? ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे यांत त्याचा आठवडा विखुरतो. कायद्यातील ४५ तासांत पूर्वतयारी समाविष्ट आहे. व्यवहारात सर्वप्रथम कापली जाते ती हीच. एक प्रश्न आठवडाभर चालवणे याला कागद कमी लागतो, पण विचार अधिक लागतो, आणि त्यासाठी निवांतपणा लागतो. तो देण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकता येणार नाही. सात तासिकांच्या सात टाचणांऐवजी बहुवर्ग शिक्षकाला आठवड्याचे एकच संयुक्त टाचण लिहिण्याची मुभा दिली, तरी सुरुवात होऊ शकेल.

निष्कर्ष

चौथीच्या आठवड्याचा मूळ दोष साधनांच्या अभावात जितका आहे, त्याहून अधिक तो सातत्याच्या अभावात आहे. वेळापत्रक विषयांची वाटणी करते, टाचण पाठांची मोजणी करते, पाठ्यपुस्तक प्रकरणे पुरवते. परंतु सोमवारचा धागा शनिवारपर्यंत नेण्याचे काम यांपैकी कोणाकडेही सोपवलेले नाही. ‘शिवछत्रपती’ दाखवून देते की धागा असला तर मूल तो सोडत नाही. ‘माझी नोंद’ दाखवून देते की धागा नसताना दिलेले पान कोरे राहते.

उच्च शिक्षणातील अध्यापकांनी या प्रश्नाकडे परका म्हणून पाहू नये. आपल्यासमोर बसणारे अनेक विद्यार्थी याच दोन शिक्षकी शाळांतून आले आहेत, आणि त्यांपैकी काही उद्या त्याच शाळांत शिक्षक म्हणून परतणार आहेत. भूगोल विभागाने एखाद्या तालुक्यातील ओढ्यांचा नकाशा चौथीच्या मुलाला वाचता येईल असा करून दिला, मराठी विभागाने वऱ्हाडी आणि गोरमाटी शब्दांची छोटी यादी शिक्षकाच्या हाती दिली, तर त्याला संशोधनाहून कमी मोलाचे मानण्याचे कारण नाही. वर्षाला आठवडे ३३ असतात. त्यांतील दहा जरी धाग्याने जोडले गेले, तरी गावातील शाळेच्या शेवटच्या वर्षातून मूल काही स्वतःचे घेऊन बाहेर पडेल.