वेताळाचा ओव्हरकोट : इंद्रजाल कॉमिक्स आणि हेरकथा

गेल्या बैठकीत जुन्या कॉमिक्सचा विषय निघाला, तेव्हा आपले एक ज्येष्ठ सभासद ठामपणे म्हणाले, "इंद्रजालमधली हेरगिरी म्हणजे सगळी जेम्स बाँडची नक्कल." त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण हाताशी तारखा नव्हत्या. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक सवय लागते. ड्रॉइंग हातात आलं की आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघायची. मग घरी येऊन तेच केलं. माळ्यावर उरलेले सात मराठी अंक काढले, तारखा लावल्या आणि हे टिपण लिहायला बसलो.

आधी तारखा

इयान फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी आली 1953 साली. लंडनच्या 'डेली एक्सप्रेस'मध्ये बाँडची चित्रपट्टी सुरू झाली 1958 साली, आणि पहिला चित्रपट 'डॉ. नो' आला 1962 साली. आता दुसरी बाजू बघा. 'सीक्रेट एजंट एक्स-9' ही अमेरिकन चित्रपट्टी सुरू झाली जानेवारी 1934 मध्ये, म्हणजे बाँडच्या 19 वर्षं आधी. लेखक डॅशिएल हॅमेट, चित्रकार अॅलेक्स रेमंड. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी करून आलेला होता. त्याच्या या नायकाला सुरुवातीला नावच नव्हतं, नुसता क्रमांक. मँड्रेक त्याच 1934 चा, वेताळ 1936 चा.

म्हणजे क्रमांकाने ओळखला जाणारा एजंट चित्रपट्टीत आधी आला, 007 नंतर. पण आपले ज्येष्ठ सभासद अगदीच चुकले असंही नाही. एक्स-9 ला पुढे फिल कॉरिगन असं नाव मिळालं, आणि 1967 पासून आर्ची गुडविन आणि अल विल्यमसन या जोडीने त्याला देशोदेशी फिरवलं, तेव्हा त्यावर बाँडची छाप उघड दिसते. हा कॉरिगन इंद्रजालमध्येही येऊन गेला. पाणी एकाच दिशेने वाहत नव्हतं, एवढंच माझं म्हणणं.

एक शब्द, दोन माणसं

मराठीत आणखी एक घोटाळा आहे. शेरलॉक होम्सला आपण गुप्तहेर म्हणतो आणि बाँडलाही गुप्तहेरच म्हणतो. वास्तविक दोघांची कामं उलटी. एक लपलेलं उघड करतो, दुसरा स्वतःच लपून राहतो. त्यात आपल्या डोक्यात बहिर्जी नाईक आधीपासून बसलेले. हेर म्हटलं की वेषांतर, हे मराठी मुलाला कॉमिक्सने शिकवावं लागलं नाही. म्हणूनच मला वाटतं, वेताळ आपल्याकडे इतक्या सहज रुळला.

ओव्हरकोट आणि तिजोरी

टाइम्स ऑफ इंडियाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं. पहिले 32 अंक फक्त वेताळाचे होते. कवटीची गुहा, अंगठीचा ठसा, पांढरा घोडा ही सगळी जुनी अद्भुतकथा. पण हाच वेताळ शहरात जातो तेव्हा अंगात ओव्हरकोट, डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि नाव मिस्टर वॉकर. हा पोशाख जंगलातला नाही, हेरकथेतला आहे.

त्याहून पक्का पुरावा म्हणजे जंगल पेट्रोल. (आमचं घर बाजव्याचं, कोयलीची रिफायनरी जवळच. त्यामुळे पेट्रोल म्हणजे आम्हाला एकच माहीत. जंगलातही ते निघतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती!) या गस्ती दलाचा सेनापती कोण, हे दलातल्या कुणालाच माहीत नाही. हुकूम कार्यालयातल्या तिजोरीतून येतात, आणि तिजोरीच्या तळाखाली विहिरीतून आलेला भुयारी मार्ग. दिसत नसलेला वरिष्ठ, लेखी आदेश, प्रश्न न विचारणारे शिपाई. हेरखात्याचा अख्खा कारभार झाडीत आणून मांडलाय. इथे हेरकथेचा उपयोग उत्तम झाला आहे असं माझं मत. वेताळ अमर आहे ही अफवा टिकवायची, तर गुप्तता लागणारच. ती कथेच्या मुळातच आहे, वरून चिकटवलेली नाही.

गंमत अशी की भारतात येताना वेताळालाच हेरासारखं नाव बदलावं लागलं. फँटमचा वेताळ झाला, बंगालाचं डेंकाली झालं. सिंग चाच्यांचे सिंगा झाले आणि वेताळाच्या बापाला मारणारा रामा इथे रामालू झाला. खलनायकांची ती मूळ नावं भारतीय वाचकाला रुचली नसती, हे उघड आहे. नवं नाव, नवा पत्ता, माणूस तोच. हेराचा पासपोर्ट दुसरं काय असतो?

मँड्रेकचं मात्र बिनसलं

मँड्रेकबद्दल माझी तक्रार आहे. त्याच्या कथांत इंटर-इंटेल ही आंतरराष्ट्रीय गुप्तचर संस्था आली आणि समोर 'आठ' नावाची गुन्हेगारी टोळी उभी राहिली. झनाडूतला स्वयंपाकी होजो हाच इंटर-इंटेलचा छुपा प्रमुख, ही कल्पना झकास आहे. पण जो माणूस हात हलवून समोरच्याच्या पिस्तुलाचा केळ्यासारखा भास घडवू शकतो, त्याच्या पाठीशी आणखी संस्था कशाला? हेराची मजा त्याच्या एकटेपणात आणि पकडलं जाण्याच्या भीतीत असते. मँड्रेकला पकडणार कोण? भीती गेली, मागे नुसती यंत्रं उरली. त्या गोष्टी लहानपणी मी दोनदा वाचल्या नाहीत. परवा पुन्हा वाचून पाहिल्या, मत बदललं नाही.

बहादूर हेर का झाला नाही?

आता खरा मुद्दा. डिसेंबर 1976 मध्ये इंद्रजालने आपला देशी नायक आणला, बहादूर. त्याचे जनक आबिद सुरती, मूळचे आपल्या गुजरातचेच, राजुल्याचे. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. तोवर कॉरिगन येऊन गेला होता, बाँडचे सिनेमे गाजले होते, आपलं 'रॉ' हे खातंही 1968 मध्ये स्थापन झालं होतं. देशी बाँड काढायला सगळं तयार होतं. सुरतींनी तो काढला नाही.

बहादूर हा भैरवसिंग नावाच्या डाकूचा मुलगा. बापाला मारणारा पोलीस अधिकारी विशाल त्यालाच वाढवतो. सूड घ्यायला निघालेला मुलगा शेवटी नागरिक सुरक्षा दल उभं करतो. चंबळच्या डाकूंनी जयप्रकाशजींपुढे शस्त्रं ठेवली ती 1972 मध्ये, म्हणजे ही गोष्ट वर्तमानपत्रांतून ताजी होती. बहादूरने हेरकथेतून चपळाई घेतली, कराटे घेतलं, बरोबरीने लढणारी बेला घेतली. गुप्तता तेवढी घेतली नाही. भगवा कुर्ता आणि जीन्स घालून तो भर गावातून फिरतो. दलात कोण आहे ते सगळ्या गावाला माहीत असतं.

हे मला का महत्त्वाचं वाटतं, ते सांगतो. 1971 च्या युद्धात मी तान्हा होतो, पण वडील नेहमी सांगायचे. रिफायनरीमुळे आपल्या भागात ब्लॅकआउट कडक. काचांना काळे कागद, आणि रात्री गल्लीतलीच पोरं हाळी देत फिरायची, "दिवा झाका!" त्याच दिवसांत स्टेशनाजवळ एका परगावच्या माणसाने कोयलीचा रस्ता विचारला. लोकांनी त्याला हेर समजून तासभर बसवून ठेवलं. शेवटी कळलं, बिचारा साबणाचा फिरता विक्रेता. वडील हे हसत सांगायचे, पण शेवटी दरवेळी म्हणायचे, "त्याचे हात थरथरत होते रे."

हेरकथा आपल्याला अनोळखी माणसाकडे संशयाने बघायला शिकवते, त्याशिवाय ती चालतच नाही. बहादूरच्या गोष्टींत धोका ओळखीचा असतो आणि राखणदारही ओळखीचा. दिवा झाकायला सांगणाऱ्या पोरांच्या जातीचा. त्यातही दोष आहेत. डाकू फार पटकन सुधारतात आणि पोलीस जरा जास्तच चांगले आहेत. तरीही बाहेरून आलेल्या साच्यातलं काय घ्यायचं आणि काय ठेवून द्यायचं, हा निर्णय एका भारतीय लेखकाने पूर्ण विचाराने केलेला इथे दिसतो. म्हणून 'नक्कल' हा शब्द मला मान्य नाही.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. माझे बाकीचे अंक आमच्या घरातूनच किलोच्या भावाने रद्दीत गेले, आणि ते बांधून देणारा मीच. उरलेल्या सातही अंकांत अनुवादकाचं नाव कुठे छापलेलं नाही. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर मराठी किंवा गुजराती अंक असतील, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. फाटके असले तरी चालतील. एकच गोष्ट दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचू. ज्येष्ठ सभासदांनाही माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. तारखा या वेळी मी घेऊन येतो.