तिसरी घंटा न होणारा प्रयोग

२००६च्या जूनमध्ये यूट्यूबवर ‘लोनलीगर्ल१५’ या नावाने ब्री नावाची सोळा वर्षांची मुलगी दिसू लागली. आपल्या खोलीत बसून ती कॅमेऱ्याशी बोलायची. घरची शिस्त, आईवडिलांची श्रद्धा, डॅनियल नावाचा मित्र. हजारो लोकांनी तिला मैत्रीण मानलं, धीराचे शब्द लिहून पाठवले. सप्टेंबरात उघड झालं, की ही न्यूझीलंडमध्ये वाढलेली जेसिका रोझ नावाची नटी आहे आणि तिच्या तोंडचे शब्द दुसरेच लिहीत होते. बरेच प्रेक्षक दुखावले.

ते अभिनयामुळे दुखावले, असं मला वाटत नाही. ‘एकच प्याला’तली सिंधू म्हणजे बालगंधर्व, हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी लोक रडले आणि ते रडणं खरं होतं. आपल्या नाटकात तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, पडदा सरकतो. आता जे दिसेल ते सोंग, हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. म्हणून तर नट जीव तोडून खोटं बोलू शकतो. ब्रीच्या प्रेक्षकांना ती घंटा ऐकवलीच नव्हती.

आज मोबाइलवरच्या कलेची मुख्य अडचण हीच आहे. सादर करणारा घरच्या कपड्यांत, घरच्या खोलीत, स्वतःच्या नावाने समोर येतो. तालीम कुठे संपली आणि दिवस कुठे सुरू झाला, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. ठरवून घडवलेली ‘गंमत’ अचानक घडल्यासारखी दाखवली जाते. कॅमेरा लावून, कोन बघून मग रडलं जातं. लहान मुलांचे रुसवेफुगवेही यात येतात, आणि ते मला सर्वांत जास्त खुपतं, कारण आपण पात्र झालो आहोत हे त्या मुलाला माहीतच नसतं.

मराठीत या माध्यमाचा चांगला वापरही झाला आहे. भाडिपा या यूट्यूब चॅनेलच्या ‘कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण’मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी स्वतःच्याच नावाने वावरले, पण पहिल्या दोन मिनिटांत खेळ कळत होता, त्यामुळे कोणी फसलं नाही. नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल बघताना मला वेगळाच विश्वास वाटला. नातवाने कॅमेरा धरलाय, आजी रांधते आहे, बोलता बोलता एखादा इंग्रजी शब्द अडखळतो. ते अडखळणं कापून टाकलं असतं तर पदार्थ तोच राहिला असता, आजी मात्र हरवली असती.

या माध्यमातून पैसे मिळवण्याला माझा आक्षेप नाही. आपल्याकडचा कीर्तनकारही पडद्याशिवाय, श्रोत्यांसमोर, स्वतःच्या नावाने उभा राहतो. पूर्वरंगात उपदेश करतो, उत्तररंगात आख्यान लावतो, हसवतो, रडवतो. शेवटी आरतीचं ताट सगळ्यांसमोर फिरतं. कोणी किती टाकलं तेही दिसतं. त्यामुळे त्याच्या निरूपणाबद्दल शंका येत नाही. याउलट, ‘मी रोज हेच तेल वापरते’ असं एखादी ताई कॅमेऱ्यासमोर जिव्हाळ्याने सांगते आणि कंपनीने पैसे दिल्याची नोंद कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, इंग्रजीत असते. तेव्हा जिव्हाळाच विकला जातो. जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. पण दंडाच्या भीतीने लावलेली पाटी कुठे लपवायची, हे लोक लगेच शिकतात.

खरं सांगितलं तर प्रेक्षक चिडेल, निघून जाईल, अशी भीती कलावंतांना वाटत असेल तर त्यांनी ब्रीचीच गोष्ट पुढे वाचावी. बिंग फुटल्यावर मालिका बंद पडली नाही. ही कथा आहे हे माहीत असलेला प्रेक्षक तिला मिळाला आणि ती ऑगस्ट २००८पर्यंत चालली. म्हणून मराठीत कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: प्रसंग रचलेला असेल, पैसे घेतलेले असतील, तर पहिल्याच वाक्यात, मराठीत, मोठ्याने सांगा. त्यानंतर हवा तेवढा अभिनय करा. आम्ही बघू.