तिरक्या रेषेची जरब

चित्रात सत्ता कोणाची, हे चेहऱ्यांवरून ओळखू नये. जागा कोणी बळकावली आहे ते पाहावं. फ्रान्सिस्को गोयाच्या १८१४ सालच्या ‘३ मे १८०८’ या चित्रात गोळ्या झाडणाऱ्या फ्रेंच सैनिकांचे चेहरे दिसतच नाहीत. दिसतात एकसारख्या पाठी, एकसारखे रोवलेले पाय आणि आडव्या बंदुका. समोर पांढऱ्या सदऱ्यातला माणूस हात फैलावून गुडघ्यांवर आहे. तो उभा राहिला तर सगळ्यांपेक्षा उंच भरेल, पण गोया त्याला उठू देत नाही. दोन्ही बाजूंमध्ये जेमतेम कंदिलापुरती जमीन उरते आणि सगळा ताण तिथेच साठतो.

आपल्याकडे जागेचा हा विचार सर्वांत निष्ठुरपणे केला चित्रकार तैयब मेहतांनी. १९४७च्या दंगलीत महंमद अली रोडवर एका माणसाला जमावाने ठार मारलेलं त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. ही हकीकत त्यांच्यावरच्या जवळपास प्रत्येक लेखात येते आणि चित्र पाहायचं राहून जातं. त्यांच्या चित्रांत जमाव फारसा नाहीच! बांधलेला बैल आहे, कोसळणारा देह आहे, हातरिक्षावाला आहे. १९६८मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, बार्नेट न्यूमनचे सपाट रंगांचे पट त्यांनी पाहिले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कॅनव्हासवर तिरकी रेषा आली. ती देहाला आरपार कापते. धड एका रंगात पडतं, पाय दुसऱ्यात. छाया नाही, खोली नाही, त्यामुळे देहाला मागे सरकायलाही वाव नाही. मारेकरी वेगळा रंगवावाच लागत नाही. नव्वदच्या दशकातल्या महिषासुराच्या चित्रांत देवी आणि रेडा असे गुंततात की कोण कोणाला दाबतंय ते सांगता येऊ नये. पुराणाने दिलेला निकाल मेहतांची रचना रोखून धरते.

चित्रकार सुधीर पटवर्धनांची वाट उलटी. ते माणसाला कापत नाहीत, दाटीत उभा करतात. ‘लोअर परळ’सारख्या (२००१) चित्रात नजरेला एका जागी ठरता येत नाही, दडपण शहराचं आहे. तरी मला त्यांच्या या विस्तीर्ण पटांपेक्षा सत्तरच्या दशकातले, चौकट भरून टाकणारे थोराड कामकरी देह अधिक अस्वस्थ करतात.

आकृतिचित्र परतलं, असं हल्ली ऐकू येतं. २०२५मध्ये मेहतांचा ‘ट्रस्ड बुल’ लिलावात ६१.८ कोटींना गेला तेव्हा चर्चा झाली ती आकड्याची. नव्या चित्रांपैकी बरीचशी फोटोवरून उतरलेली दिसतात: आकृती मधोमध, मागे नक्षीदार भिंत, डोळ्यांत वेदना. सोबतच्या पुस्तिकेत हिंसा आणि विस्थापन, कॅनव्हासवर मात्र देह ऐसपैस बसलेला. असा देह बसवणाऱ्या चित्रकारांचं रेखाटन कच्चं नाही. मॉडेलसमोर बसून हातापायांचं प्रमाण त्यांनी घोटून घेतलेलं असतं. कागदाच्या कडेशी त्या देहाचं काय भांडण आहे, हे मात्र त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही.