अस्तु : विस्मृतीच्या घरी दिलेला होकार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत लाडका ग्रंथ कोणता, असे आपल्या घरांतून विचारले, तर उत्तर बहुधा एकच येईल : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ साली त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून आजतागायत तो वाचला जात आहे. या ग्रंथाचे सारे ऐश्वर्य आठवणींचे आहे. माणूस म्हणजे त्याच्या आठवणी, ही आपली समजूत अशाच पुस्तकांनी दृढ केली आहे. मग ज्याच्या आठवणी एकेक करून विझत जातात, त्याचे काय? तो आपला राहतो की नाही? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट नेमका हाच प्रश्न घेऊन उभा आहे. २०१३ साली तयार झालेला हा चित्रपट २०१६ साली चित्रपटगृहांत आला. सुमित्राताई २०२१ साली निवर्तल्या. चित्रपट मात्र जुना झालेला नाही, कारण त्यातील घर आता आपल्या वस्तीत जागोजागी दिसते.

डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त पंडित. त्यांना अल्झायमरचा विकार जडला आहे. जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्याचे प्रथम वर्णन केले, तो हा स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. त्यात ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या पुष्कळ काळ तग धरतात, आणि त्याला मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. मुलगी इरा हिच्यासोबत बाहेर पडलेले शास्त्री रस्त्यावर हत्ती पाहतात आणि लहान मुलासारखे त्याच्या मागे निघून जातात. एकीकडे इरा आणि तिचा नवरा माधव यांची शोधाशोध चालते. दुसरीकडे शास्त्री माहुताच्या पालावर, त्याची कानडी बायको चन्नम्मा हिच्या छायेत जाऊन पोहोचतात. कथानक एवढेच. शेवट सांगून वाचकांचा रस आम्ही घालवीत नाही.

विश्रांतवाडीत राहून या चित्रपटाविषयी लिहिताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आमच्या शेजारी आहे. ‘याला येरवड्याला पाठवा’ हा वाक्प्रचार साऱ्या महाराष्ट्रात थट्टेने वापरला जातो. आमच्या भागात मात्र त्या थट्टेला फार जवळची धार आहे. म्हणूनच म्हातारे वडील तोच प्रश्न दहादा विचारू लागले, की घरचे दार हळूच लोटून घेतले जाते. ‘वयामुळे होतं असं’ म्हणून पाहुण्यांची समजूत घातली जाते. आळंदी रोडवर, धानोरीत, टिंगरेनगरात ज्या सदनिका उभ्या राहिल्या, त्यांच्या बंद दारांआड सून किंवा मुलगी एकटी हा भार वाहत असते. दार उघडून हे दुखणे चारचौघांत बोलण्याजोगे करणे, ही ‘अस्तु’ची पहिली कामगिरी होय.

शास्त्रींची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातील त्यांचा नाना फडणवीस ज्यांनी पाहिला, त्यांना त्या आवाजातील हुकमत आठवत असेल. इथे तीच हुकमत ओसरताना दिसते. चेहरा कोरा होतो, पण निर्जीव होत नाही. त्यावर कधी भीती, कधी कुतूहल उमटते. विस्मरण म्हणजे रिकामेपण नव्हे, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा या अभिनयातून अधिक उमजते. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’शी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तिथे अप्पासाहेब बेलवलकरांच्या दुःखाला मुलांची कृतघ्नता कारणीभूत आहे. प्रेक्षकाला रागावण्यासाठी कोणीतरी मिळते. ‘अस्तु’त कोणी खलनायक नाही. दोष कोणालाही देता येत नाही, आणि म्हणूनच हे दुःख पचविणे अधिक कठीण जाते.

चन्नम्मा ही या चित्रपटाची विलक्षण निर्मिती आहे. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य. शास्त्री तिला आई म्हणून हाक मारतात आणि ती खरोखरच आई होते. ती त्यांना ‘मला ओळखलंत का?’ असे विचारीत नाही. विचारण्याचे कारणच नाही. जो समोर बसला आहे, त्याला भूक लागली आहे, त्याला धीर हवा आहे, एवढेच ती पाहते. आजाऱ्याच्या खाटेपाशी आपल्याकडे जे घडते ते याच्या उलट. आलेला प्रत्येक नातलग पुढे वाकतो आणि म्हणतो, ‘सांग बघू, मी कोण?’ हेतू प्रेमळच असतो. पण ती एक परीक्षा असते, आणि म्हातारा जीव त्या परीक्षेत रोज नापास होतो. चन्नम्मा परीक्षा घेत नाही, म्हणून तिच्यापाशी शास्त्री निर्भय होतात. कुटुंबांनी या चित्रपटातून एकच गोष्ट घरी न्यायची झाली, तर ती हीच न्यावी : ओळख विचारू नये, द्यावी. ‘बाबा, मी तुमची मुलगी, चहा आणलाय,’ एवढे पुरते.

तथापि आमचा एक आक्षेप आहे, आणि तो नोंदवणे समीक्षेचे कर्तव्य ठरते. चन्नम्माची सेवा थोड्या तासांची आहे, इराची वर्षानुवर्षांची. शास्त्रींशी चन्नम्माचे कसलेही पूर्वायुष्य जोडलेले नाही. ज्या बापाने बोट धरून अक्षरे गिरवून घेतली, तोच आता कपडे कसे घालावेत हे विसरला, ही वेदना तिच्या वाट्याला येत नाही. इराला मात्र दर घटकेला दोन माणसे दिसतात, पूर्वीचा बाप आणि आताचा. विसरणाऱ्याहून आठवणाऱ्याला हा आजार अधिक छळतो. गरीब, निरक्षर स्त्रीच्या ठायी सहज करुणा आणि शिकलेल्या मध्यमवर्गीय मुलीच्या ठायी चिडचिड, अशी मांडणी काही वेळा फार सोयीची वाटते. चन्नम्मालाही हीच सेवा दहा वर्षे करावी लागती, रात्री चार वेळा उठावे लागते, तर तिचाही संयम सुटला असता. आणि तरीही ती वाईट बाई ठरली नसती.

दुसरी गोष्ट नायकाच्या निवडीची. २००५ सालच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’ या हिंदी चित्रपटातही निवृत्त प्राध्यापकच आहे आणि त्याची काळजी वाहणारी मुलगी आहे. विद्वान निवडला, की हानी मोठी भासते. पण खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार, शिलाई करून मुले वाढवलेली आई, रुग्णालयात आयुष्य घालवलेली परिचारिका, यांचे हरवणे का लहान असते? ज्या हातांना डोळे मिटून काम येत होते, ते हात कपड्याचे बटण लावताना अडखळतात, हेही एका परीने ग्रंथालय जळणेच आहे. त्यांची कथा पडद्यावर यायची आहे.

एवढे म्हटल्यावर हेही मान्य करावयास हवे, की चित्रपट इराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. इरावती हर्षे यांनी तिची दमणूक, तिचा राग आणि रागामागची माया यांतले काहीच झाकलेले नाही. दुसरी बहीण राही हिच्या रूपाने, एकाच बापाच्या दोन मुलींना दोन निरनिराळे बाप आठवतात, हे सत्यही समोर येते. सेवा करणाऱ्यांनी हा चित्रपट पाहावा तो यासाठी. आपण चिडलो म्हणजे आपले प्रेम आटले, असा जो सल अनेक मुली-सुना उराशी बाळगून असतात, तो इरेला पाहून थोडा हलका होईल. २००७ सालच्या कायद्याने आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. थकलेल्या मुलीला एक दुपार झोपू देण्याची तरतूद मात्र कोणत्याच कायद्यात नाही. ती शेजाऱ्यांनी करावयाची असते.

श्रद्धावंतांसाठी इथे आणखी एक कोडे आहे. आपली सारी उपासना स्मरणावर उभी आहे. पवित्र मिस्साबली हे प्रभूचे स्मरणच. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात स्मृतीच्या विशाल दालनांत देवाचा शोध घेतला. ज्याची ती दालनेच कोसळली, त्याने देवाला कोठे शोधावे? आमची समजूत अशी, की त्याने शोधण्याची वेळ संपलेली असते, शोधले जाण्याची आलेली असते. नातवाचे नाव विसरलेली आजी जपमाळ हाती येताच नमो मरिया म्हणू लागते, हे अनेक घरांनी पाहिले आहे. तेही थांबले, तर तिच्या वतीने घर प्रार्थना करते. बाळाच्या बाप्तिस्म्यात आईबाप आणि धर्मपालक बाळाच्या वतीने उत्तर देतात, तसेच हे. आठवण ही एकट्याची मालमत्ता नाही. ती मंडळीची ठेव आहे.

राहिला शीर्षकाचा शब्द. ‘अस्तु’ म्हणजे असो, तसे होवो. आपल्या ‘आमेन’च्या तो फार जवळचा आहे, आणि देवदूताला मरियेने दिलेल्या होकाराच्याही. पण मरियेचा होकार हताशपणे मान तुकवणे नव्हते. त्यानंतर तिला बेथलेहेमपासून कालवरीपर्यंत चालावे लागले. स्मृतिभ्रंशाच्या घरातील होकारही एकदाच देऊन भागत नाही. सकाळी अंथरूण बदलताना तो द्यावा लागतो, दुपारी तोच प्रश्न अकराव्यांदा ऐकताना द्यावा लागतो, आणि एखाद्या दिवशी मुळीच देता येत नाही. तेव्हा तो दुसऱ्या कोणी द्यावा. ‘अस्तु’ कुटुंबाने एकत्र बसून पाहावा. आणि पाहून झाल्यावर, आपल्या इमारतीतील ज्या घराचे दार हल्ली नेहमी लोटलेले असते, तिथे जाऊन बेल वाजवावी.