कदंबूरच्या वाड्यातला खटला

चेन्नईच्या नळाला वीराणमचं पाणी येतं. तलाव शहरापासून सव्वादोनशे किलोमीटर लांब, कुड्डलोर जिल्ह्यात. २००४ पासून त्याचं पाणी नळकांड्यांतून इथवर आणलं जातं. पण चेन्नईतल्या वाचत्या घरांत वीराणम त्याच्या कितीतरी आधी पोचला होता. तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, नव्या पाण्याचा सण, तलाव तुडुंब भरलेला आणि बांधावरून घोडा हाकत, आजूबाजूला बघत रमतगमत चाललेला एक उमदा तरुण. कल्कि रा. कृष्णमूर्तींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ची सुरुवात ही अशी. २९ ऑक्टोबर १९५० रोजी ‘कल्कि’ साप्ताहिकात ती छापून आली आणि पुढची साडेतीन वर्षं मद्रासमधली माणसं त्या घोडेस्वाराच्या, वंदियदेवनाच्या, मागे मागे आठवड्याच्या गतीने चालत राहिली. साप्ताहिकाचा खप त्या काळात ७१ हजारांच्या वर गेल्याचं सांगतात. १९५४ मध्ये कादंबरी संपली, त्याच वर्षी डिसेंबरात कल्किही गेले. वाद मात्र सुरूच राहिला.

वाद एका खुनाचा आहे. चोळांचा युवराज आदित्य करिकालन कदंबूरच्या वाड्यात, अंधारात मारला जातो. त्या वेळी दालनात किंवा दालनाच्या आसपास कोण कोण असावं? नंदिनी, जिच्या डोळ्यांदेखत करिकालनाने पांड्य राजाचं, वीरपांडियनाचं, शिर उडवलं होतं. त्या पांड्याचा सूड घ्यायला निघालेले रविदासन आणि त्याचे साथीदार. नंदिनीचा वयोवृद्ध नवरा, चौसष्ट जखमा मिरवणारा पेरिय पळुवेट्टरैयर. (आपल्याकडे ळ आहे म्हणून हे नाव निदान लिहिता तरी येतं, हिंदीवाल्यांचे हाल विचारू नयेत.) आणि लपून बसलेला आपला वंदियदेवन. आळ त्याच्यावरच येतो. त्याच्यावर जीव जडलेली मणिमेकलै म्हणते, खून मी केला. पळुवेट्टरैयर म्हणतो, मी केला. वाचकाच्या हाती दोन कबुलीजबाब पडतात आणि दोन्हींवर त्याचा विश्वास बसत नाही. कल्किंनी उत्तर दिलंच नाही. शेवटच्या भागानंतर त्यांनी समारोप लिहिला, वाचकांना पडलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली, कोणाचं पुढे काय झालं ते सांगितलं. पण वार कोणाचा, हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवलं.

या एका मौनावर चेन्नईत वाचनाची एक अख्खी कला उभी राहिली आहे. जानेवारीत नंदनमला पुस्तकांचं प्रदर्शन भरतं, तिथे पाच भागांचा संच दर चार पावलांवर दिसतो, कारण तमिळनाडू सरकारने कल्किंचं साहित्य राष्ट्रीयीकृत केलं आणि वाटेल त्या प्रकाशकाला ते छापायची मुभा मिळाली. एवढ्या स्वस्तात एवढी पानं, आणि तीही तीन पिढ्यांनी वाचलेली! आजी आणि नात एकाच खटल्यातल्या दोन बाजूंच्या वकील होऊ शकतात, असं दुसरं पुस्तक मला तरी ठाऊक नाही. आपल्याकडे ‘मृत्युंजय’ने कर्णाला घराघरात नेलं, पण ‘मृत्युंजय’ वाचून आपण कर्णासाठी हळहळलो. तपासाला बसलो नाही. तपासाची खोड आपल्याला लावली ती इरावतीबाईंनी. ‘युगांत’मध्ये त्यांनी विदुर हाच युधिष्ठिराचा बाप असावा का, हा प्रश्न पुराव्यांची एकेक चिंधी जोडत मांडला. पोन्नियिन सेल्वनचा वाचक असतो तो असा: चिंध्या जोडणारा.

आणि त्याच्या हाती खरा पुरावाही आहे, ही यातली गंमत. वीराणमच्या काठाजवळच काट्टुमन्नारकोविल गाव आहे. तिथल्या उडैयारगुडीच्या शिवमंदिरात राजराज चोळाच्या दुसऱ्या राज्यवर्षातला, म्हणजे साधारण इ.स. ९८७ चा, एक शिलालेख आहे. पांड्याचं शिर घेणाऱ्या करिकालनाला मारणारे द्रोही म्हणून त्यात सोमन, रविदासन, परमेश्वरन अशी नावं येतात. त्यांपैकी काहींना ‘ब्रह्माधिराज’ अशा पदव्या आहेत, म्हणजे माणसं दरबारातली, अधिकारावरची. इतिहासकार नीलकंठ शास्त्रींनी चोळांच्या इतिहासात बोट ठेवलं ते इथेच: करिकालनानंतर गादीवर आला उत्तम चोळ, त्याने पंधराएक वर्षं राज्य केलं, आणि खुन्यांचा हिशेब मात्र त्याच्या मागून आलेल्या राजराजाने चुकता केला. मग उत्तम चोळ इतकी वर्षं गप्प का बसला? सदाशिव पंडारत्तार यांनी ही शंका खोडून काढली. कादंबरीकार बालकुमारन यांनी ‘उडैयार’च्या सहा खंडांत राजराजाची कथा आपल्या परीने पुन्हा रचली. म्हणजे कादंबरीआधी खटला होता आणि कादंबरीनंतरही खटलाच आहे. कल्किंनी मध्ये चार-पाच साक्षीदार वाढवले, एवढंच.

एवढंच? नाही. माझ्या मते कल्कि या खटल्यात बचावपक्षाचे वकील आहेत, आणि फार हुशार वकील आहेत. उत्तम चोळावरचा संशय धुवायला त्यांनी काय केलं बघा. राजवाड्यात वाढलेला, गादीसाठी कट करणारा मधुरांतकन (इतिहासात हाच उत्तम चोळ) हा राजपुत्र नव्हेच, असं त्यांनी ठरवलं. खरा राजपुत्र म्हणजे तंजावरला शिवासाठी फुलं गुंफणारा, भजनं गाणारा, साधाभोळा सेंदन अमुदन. बाळांची अदलाबदल! नाटक कंपन्यांनी झिजवून झिजवून गुळगुळीत केलेली ही युक्ती, पण तिने एका दगडात तीन पक्षी मारले. इतिहासातला उत्तम चोळ निष्पाप ठरला. कट करणारा परका निघाला. आणि ऐन राज्याभिषेकात आपला मुकुट उचलून सेंदन अमुदनच्या डोक्यावर ठेवणारा अरुळमोळीवर्मन, म्हणजे करिकालनाचा धाकटा भाऊ, पुढचा राजराज आणि शीर्षकातला ‘पोन्नियिन सेल्वन’, त्यागाच्या शिखरावर जाऊन बसला. पाचव्या भागाचं नावच ‘त्यागशिखर’. आता या त्यागात राजकारण किती? तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात प्रजा गळ घालत असतानाही अरुळमोळीने चुलत्याला गादीवर बसू दिल्याची कथा आहे. पण ताम्रपट कोरून घेणारा त्याचाच मुलगा. कल्किंनी ही कथा जशीच्या तशी उचलली आणि वर मोरपीस लावलं.

मणिरत्नमच्या दोन चित्रपटांनी (३० सप्टेंबर २०२२ आणि २८ एप्रिल २०२३) हा बचाव मोडीत काढला, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. पडद्यावर बाळांची अदलाबदल नाही. अरुळमोळी मुकुट देतो तो मधुरांतकनलाच, म्हणजे कट करणाऱ्यालाच. पुस्तकात त्यागातून निष्पापाला न्याय मिळतो; चित्रपटात त्याच त्यागातून गुन्हेगाराला माफी मिळते, नाहीतर बक्षीस, बघणाऱ्याने ठरवावं. हे दोन वेगळे नीतिप्रश्न आहेत. पण चित्रपटावर भांडण झालं ते मणिमेकलैला का गाळलं यावर, नंदिनी आणि करिकालनचं प्रेम एवढं का ताणलं यावर, आणि पुढे राजराज हिंदू होता की नव्हता यावर. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिग्दर्शक वेट्रीमारन यांच्या एका विधानाने हा तिसरा वाद पेटला, कमल हासनही त्यात उतरले, आणि दहा-बारा दिवस शहरात कोणालाच करिकालनाची आठवण नव्हती.

खरं तर नीतीवर भांडायची सवय या शहराला इतकी जुनी आहे की हे बघून वाईट वाटतं. तमिळमध्ये त्यासाठी दोन जातिवंत प्रकार आहेत. एक पट्टिमन्रम: दोन पक्ष, मध्ये नडुवर म्हणजे पंच, शेवटी निकाल. पोंगल-दिवाळीच्या सकाळी सॉलोमन पाप्पैया यांनी दूरचित्रवाणीवर तो घरोघर पोचवला. तिथे हशा जास्त आणि नीती तोंडी लावण्यापुरती, हे मान्य. दुसरा वळक्काडु मन्रम, सरळ न्यायालयच. तमिळ रामायण रचणाऱ्या कंबनाच्या नावाने चालणाऱ्या कंबन कळहम या संस्थांच्या उत्सवांतून रामायणातल्या, कधी महाभारतातल्याही, माणसांवर असा फिर्याद-बचावाचा वाद रंगतो. वालीला आडून मारणं धर्माला धरून होतं का? मीठ खाल्लं म्हणून चुकीच्या बाजूने लढणाऱ्यांत मोठा कोण, कर्ण की कुंभकर्ण? चेन्नईच्या कंबन कळहमची धुरा वाहणारे एम. एम. इस्माईल हे मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. दिवसा कायद्याचे निकाल देणारा हा मुसलमान न्यायाधीश कंबरामायणाचा असा व्यासंगी, की वालीवधावरचं त्याचं म्हणणं जाणकार कान देऊन ऐकत. ‘खून कोणी केला’ हा त्या सभेतला प्रश्न नव्हेच. बाण कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक. प्रश्न असतो: मग त्याचं काय?

पोन्नियिन सेल्वनच्या वाचकाने नेमका हा दुसरा प्रश्न सोडला आहे. चिंध्या जोडण्यात तो इतका तरबेज झालाय, की जोडून झाल्यावर कापड कशाचं ते विचारत नाही. नंदिनीचं उदाहरण घ्या. तिचा बाप कोण यावर रात्र रात्र बोलतील: करिकालनाचा बाप सुंदर चोळ, वीरपांडियन, आणखी कोणी, तिची मुकी आई मंदाकिनी काय सांगू शकली असती, तेही. पण राजवाड्याच्या प्रतिष्ठेसाठी एका मुलीला तिच्या प्रेमापासून तोडून हाकलणाऱ्या घराला या खुनाची किती जबाबदारी, यावर फिर्याद दाखल करायला कोणी उभं राहत नाही. कल्किंनीही नाही. ती घोड्यावरून निघून जाते आणि कथेला हायसं वाटतं. वाचक तिला ‘खलनायिका’ म्हणतात, मग चूक उमगल्यासारखं ‘पण किती सुंदर!’ असं जोडतात. ही समीक्षा नव्हे.

लेखक जयमोहन यांनी २०१४ ते २०२० रोज एक प्रकरण लिहीत महाभारतावर ‘वेण्मुरसु’च्या २६ कादंबऱ्या रचल्या. तिथे ही वाट पुन्हा उघडली, कारण कोणी कोणाला मारलं हे व्यासांनी कधीच सांगून ठेवलं आहे. वाचकाला भांडायला नीतीच उरते. मणिरत्नमच्या चित्रपटांचे संवादही जयमोहन यांचे, हा योगायोग नव्हे असं म्हणायला मला आवडेल. पण वीस हजारांहून जास्त पानं वाचणारे किती? पोन्नियिन सेल्वन वाचणारी आजी तिथवर जात नाही.

तेव्हा वळक्काडु मन्रमला एक विषय सुचवावासा वाटतो. उडैयारगुडीच्या त्याच शिलालेखात राजराजाची आज्ञा खुन्यांच्या नावांवर थांबत नाही. त्यांचे भाऊ, त्यांची मुलं, मामा, सासरची माणसं, सगळ्यांच्या जमिनी आणि मालमत्ता जप्त करून विकायला सांगितल्या आहेत. मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारा हाच तो पोन्नियिन सेल्वन. फक्त हा कागदावरचा नव्हे, दगडावरचा. खुनाच्या रात्री कदंबूरपासून कोसभर लांब झोपलेल्या एखाद्या सासऱ्याची शेती कोणत्या न्यायाने गेली? फिर्यादीची बाजू मांडायला माणूस मिळेल. राजराजाच्या बचावाला या शहरात किती हात वर होतील, ते मोजायला मला पहिल्या रांगेत जागा हवी आहे.