मोफत ई-ग्रंथालय आणि हक्कांचा प्रश्न: चेन्नईचे उदाहरण

डिजिटल ग्रंथालयाचा विषय निघाला की आपण किती पाने स्कॅन झाली हे विचारतो. चेन्नईतील तमिळ व्हर्च्युअल अकॅडमीची ‘तमिळ डिजिटल लायब्ररी’ उघडून पाहा. खरा प्रश्न वेगळा असल्याचे लक्षात येईल. जुनी, हक्क संपलेली पुस्तके तिथे असणारच. पण विसाव्या शतकातले कितीतरी लेखकही पूर्ण वाचायला मिळतात. हे कसे?

आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ 2011 च्या आरंभी सर्वांसाठी खुली झाली. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांसाठी 2061 उजाडावे लागेल. तेव्हा तुमचे वय काय असेल, हिशेब करा.

तमिळनाडूने ही वाट आखूड केली. सरकार वारसांना एकरकमी मोबदला देते आणि त्या लेखकाचे साहित्य ‘राष्ट्रीयीकृत’ होते; मग ते कोणीही छापावे, कोणीही संकेतस्थळावर ठेवावे. सुरुवात सुब्रमण्य भारतींपासून झाली. 1949 मध्ये मद्रास सरकारने त्यांच्या लेखनाचे हक्क घेतले आणि पुढे ते लोकांना खुले केले. ‘पोन्नियिन सेल्वन’ लिहिणारे कल्की 1954 मध्ये वारले. त्यांचे साहित्यही 60 वर्षे पुरी होण्याच्या बऱ्याच आधी मोकळे झाले.

ही योजना मला मोलाची वाटते, निर्दोष नव्हे. कोणाचे साहित्य घ्यायचे हे सरकार ठरवते. काही वारसांनी नकार दिला आहे, आणि तो त्यांचा अधिकारच आहे. शिवाय हक्क मोकळे झाले की घाईने छापलेल्या, चुकांनी भरलेल्या आवृत्त्याही बाजारात येतात. म्हणून उतारा घेताना शीर्षकपान आधी पाहा; कोणत्या वर्षाची, कोणाची आवृत्ती आहे ते टिपून ठेवा.

आणखी एक अडचण. इथली बहुतेक पुस्तके पानांच्या छायाचित्रांच्या रूपात आहेत. एखादा शब्द आत शोधायचा तर डोळेच वापरावे लागतात. याउलट 1998 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट मदुरै’च्या स्वयंसेवकांनी ग्रंथ अक्षर-अक्षर टंकित केले. पुस्तके कमी, पण शोधता येणारी. अभ्यासाला मी तेच आधी उघडेन.

मराठीत विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तके मोफत मिळतात. पु. ल. मात्र अजून विकत घ्यावे लागतात, नाहीतर वाचनालयात नंबर लावावा लागतो.